सगळी रक्कम कायद्याला

पैशांची वाटणी शांत डोक्याने करावी, असं सगळे सांगतात. माझं डोकं मुळातच फार शांत आहे. इतकं, की समोरचा माणूस बोलत असताना मी आतल्या आत उठून कुठेतरी निघून जातो आणि चेहरा तेवढा तिथे ठेवून जातो. चेहरा अधूनमधून "हं" म्हणतो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुठला "हं" माझा आणि कुठला नुसत्या चेहऱ्याचा, हे बायकोला बरोबर ओळखता येतं. बँकेला येत नाही. सगळी भानगड तिथून सुरू झाली.

माझी नोकरीही या स्वभावाला खतपाणी घालणारी आहे. मी बस कंपनीच्या हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात बसतो. तळघरातली लांबट खोली, भिंतींना फळ्या, आणि फळ्यांवर लोक बसमध्ये विसरून गेलेल्या वस्तू. छत्र्या, चष्मे, जेवणाचे डबे, एकेकटे बूट, व्हायोलिनची एक पेटी, जिच्यात व्हायोलिन नाही. वर एक झरोका आहे. त्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. दुपारी उन्हाचा एक पट्टा छत्र्यांवरून सरकत सरकत चष्म्यांपर्यंत येतो आणि मग मला प्रत्येक चष्म्यामागे एक माणूस दिसायला लागतो. कोणी वाचत असतो, कोणी डोळे पुसत असतो. फार छान वेळ जातो.

पण म्हणून कोणी मला ढिला समजू नये. कामात मी चोख आहे. वस्तू मागायला कोणी आलं की माझा एकच प्रश्न असतो, "खूण सांगा." नुसतं "काळी छत्री" म्हणून चालत नाही, काळ्या छत्र्या माझ्याकडे ढिगाने पडल्या आहेत. दांडा कसला, काडी कुठली वाकलेली, असं काहीतरी सांगा जे फक्त मालकालाच ठाऊक असेल. जुळलं, की मी पावतीवर शिक्का मारतो, "ओळख पटली. वस्तू मालकास परत." नाही जुळलं, तर नियम म्हणजे नियम. पुष्कळ लोक माझ्या नावाने बोटं मोडत तो जिना चढून गेले आहेत. त्यांतला एक पुढे भेटेलच.

तर, ढमीची शाळा संपली. ढमी म्हणजे आमची मुलगी. जन्मली तेव्हा गुबगुबीत होती. आता नुसती काठी आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. एका रविवारी जेवताना मी सहज विचारलं, "पुढे काय ठरवलंयस?"

"आधी भूगोलात पदवी," ती म्हणाली. "मग कायद्याला जावं असं वाटतंय. बघू."

तिचं वाक्य "कायद्याला" या शब्दापर्यंत आलं आणि मी निघालो. उंच खिडक्यांचं एक न्यायालय होतं. खिडक्यांतून दुपारचं ऊन तिरकं येत होतं आणि त्या उन्हात, काळा झगा घालून, ढमी उभी होती. न्यायाधीशांनी आमच्या दुसऱ्या फळीवरचा सोनेरी काड्यांचा चष्मा लावला होता. ते मान हलवत होते. मी पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या कोटात. सगळीकडे अशी शांतता, की ढमीच्या हातातलं पान उलटल्याचा आवाज मागच्या बाकांपर्यंत जावा. एवढ्या शोभेत "बघू" हा शब्द ऐकायला मी जेवणाच्या टेबलावर नव्हतोच. तो माझ्या चेहऱ्याने ऐकला.

आमच्याकडे शिक्षणासाठी थोडे पैसे बाजूला टाकलेले होते. दोघांच्या पगारांतून, वर्षानुवर्षं, कधी सहलीला न जाऊन, कधी सोफा न बदलून साठवलेले. ही एका छापखान्यात मुद्रितं तपासते, म्हणजे छापण्याआधी चुका शोधते. बारीक अक्षर वाचायची तिला इतकी सवय आहे, की औषधाच्या खोक्यातला घडीचा कागदसुद्धा ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचते आणि मग औषध घेत नाही. आता प्रश्न एवढाच होता, की साठलेल्या पैशांतले पदवीला किती ठेवायचे आणि कायद्याला किती. दोन टोपल्यांत बटाटे वाटावेत इतकं सोपं काम. मी ते उगीच जिन्यात कोणाजवळ तरी बोललो.

वरच्या मजल्यावर निवृत्त लेखापरीक्षक काका राहतात. निवृत्त झाले तरी त्यांचं लेखापरीक्षण थांबलेलं नाही. आमच्या कचऱ्याच्या डब्यात काय पडतं यावरही त्यांचे शेरे असतात. ते चहाच्या वेळेला आले आणि चहा होईपर्यंत गप्प बसले. मग म्हणाले, "समोरचा खर्च आधी पाहायचा. पदवीला मोठा वाटा, कायद्याला छोटा. उरलेल्याची सोय आपोआप होते."

"ती कशी?" मी विचारलं.

"ते मी आता कसं सांगणार? आपोआप म्हटलं ना मी."

समोरच्या दंतवैद्य बाईंना हे अजिबात पटलं नाही. त्या चहा घेत नाहीत, दातांवर डाग पडतात म्हणून. पण सल्ला द्यायला बसल्या. "हे बघा, पदवी म्हणजे दुधाचे दात," त्या म्हणाल्या. "ते येतात, पडतात, कोणी विचारत नाही. खरा खर्च कायमच्या दातांवर करायचा. कायद्याला मोठा वाटा ठेवा." त्यावर काका म्हणाले, की दुधाचे दात आलेच नाहीत तर मूल जेवणार काय? बाई म्हणाल्या, तुम्ही मला दातांबद्दल सांगू नका. वाद ढमीच्या शिक्षणावरून काकांच्या कवळीवर गेला आणि दोघंही तणतणत आपापल्या घरी गेले. जाता जाता काका दारातून एक मोलाची माहिती टाकून गेले. कोपऱ्यावरच्या बँकेत "ध्येय ठेव" नावाची योजना निघाली आहे. पैसे कशासाठी हवेत ते आधी सांगायचं, की व्याज जास्त.

ही इतका वेळ शेंगा सोलत होती. "ढमीची फी महिनाअखेरीला भरायची आहे," ती म्हणाली. "तेव्हा अर्धे पैसे साध्या खात्यात राहू द्या. उरलेले हवे तर टाका त्या ठेवीत. अर्धे इकडे, अर्धे तिकडे. लक्षात राहील ना?"

"मी काय लहान आहे?" मी म्हणालो. हे मात्र मीच म्हणालो, चेहरा नव्हे.

बँकेत गर्दी नव्हती, हेच वाईट झालं. गर्दी असली की धक्के बसतात आणि माणूस जागा राहतो. मऊ बाक होता, वर संथ पंखा होता, कोपऱ्यातल्या कुंडीतल्या झाडाची पानं त्या वाऱ्याने किंचित हलत होती. काचेच्या दारातून ऊन आत येऊन फरशीवर पडलं होतं. त्या उन्हाकडे पाहता पाहता खिडक्या उंच झाल्या. ढमीचं बोलणं संपत आलं होतं. ती एका गरीब विधवेची बाजू मांडत होती, विधवा रडत होती, आणि मलाही भरून आलं होतं. मला कोणीतरी हाक मारली. मी चालत टेबलापाशी गेलो, म्हणजे पाय गेले.

"ध्येय?" टेबलामागच्या साहेबांनी विचारलं. बारीक मिशी, नाकावर घसरलेला चष्मा.

"कायद्याचं शिक्षण," मी म्हणालो.

"किती रक्कम टाकायची?"

त्या क्षणी तिकडे ढमीने वळून माझ्याकडे पाहिलं. झग्याच्या बाह्या तिला थोड्या लांब झाल्या होत्या. एवढी मुलगी, एवढं न्यायालय, आणि बाप म्हणून मी काय सांगणार, अर्धे? माझी जीभच रेटेना.

"सगळे," मी म्हणालो.

साहेबांनी मान वर केली. माझ्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं. त्यांच्या मिशीच्या टोकाशी काहीतरी हललं, ते हसू होतं असं आता वाटतं. "नक्की सगळे?"

"सगळे!" मी इतक्या जोरात म्हणालो, की पहारेकऱ्याने दार उघडलं.

घरी आल्यावर हिने विचारलं, "अर्धे-अर्धे केलेत ना?" चेहरा "हं" म्हणाला. ती थबकली. "हा तुमचा 'हं' नव्हता," ती म्हणाली. पण तेवढ्यात बेल वाजली, काका कवळीबद्दलचा आपला राहिलेला मुद्दा सांगायला आले होते, आणि विषय राहून गेला.

ढमीला भूगोलाच्या विभागात जागा मिळाली. तिने घरभर नकाशे पसरले. न्हाणीघराच्या दाराला समुद्राच्या प्रवाहांचा नकाशा लागला. त्यामुळे अंघोळीला जाताना आपण कुठेतरी लांब निघालोय असं वाटायचं. महिनाअखेरीपर्यंत फी भरली नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाणार होती, पण त्याची चिंता कोणाला होती? पैसे खात्यात होतेच. मी शीळ घालत बँकेत गेलो आणि साध्या खात्यात डोकावलो. त्यात खातं जिवंत राहण्यापुरते पैसे होते.

धावत मी त्या मिशीवाल्या साहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला.

"मला थोडे पैसे परत हवेत. मुलीची पदवीची फी आहे."

"ध्येय कायद्याचं आहे. ते पूर्ण होईपर्यंत ठेव उघडत नाही. कायद्याच्या महाविद्यालयात प्रवेश झाला, की पहिली फी आम्ही तिथे परस्पर भरणार आणि उरलेले पैसे तुमचे तुम्हाला मोकळे."

"अहो, पण कायद्याला जायला पदवी लागते. पदवीला पैसे लागतात. आणि पैसे कायद्यात आहेत!"

"अगदी बरोबर मांडलंत."

"मग मी काय करू?"

"मी काय सांगणार? नियम म्हणजे नियम." ते पुढे झुकले. "मागच्या वर्षी हेच वाक्य मला कोणीतरी ऐकवलं होतं. तळघर होतं. मी म्हणत होतो, काळी छत्री आहे, लाकडी दांडा आहे. तर म्हणे, खूण सांगा. त्या दिवशी मी भिजत घरी गेलो आणि आठवडाभर शिंकत होतो."

मी पाण्याचा पेला उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

घरी सगळं सांगून टाकावं लागलं. हिने कपाळावर हात मारला नाही, आरडाओरडा केला नाही. नुसती माझ्याकडे पाहत राहिली आणि ते फार कठीण गेलं. ढमी म्हणाली, "म्हणजे यंदा मी घरी?" आणि उठून कपबशा विसळायला गेली. त्या कपबशा आधीच विसळलेल्या होत्या. मला इतकी लाज वाटली, की त्या संध्याकाळी मी कुठेही गेलो नाही. न्यायालय मी स्वतःच्या हाताने बंद केलं.

मग सल्ल्यांचा दुसरा हंगाम सुरू झाला. दंतवैद्य बाई म्हणाल्या, "दुधाचे दात म्हटलं होतं मी. मुळासकट उपटा, असं म्हटलं नव्हतं." काका म्हणाले, "व्यवस्थापकाला अर्ज करा, प्रती जास्त जोडा." हिने ऑफिसातून पगाराची उचल मागितली, मीही मागितली, दोन्ही मिळून फीच्या आसपासही गेली नाही. शेवटी मी अर्ज घेऊन व्यवस्थापकांकडे गेलो. त्यांनी तो प्रेमाने वाचला आणि "ध्येय बदल" नावाच्या खिडकीकडे पाठवला. त्या खिडकीमागे कोणी नव्हतं. मी वाट पाहू लागलो. मग मिशीवाले साहेब आपल्या टेबलावरून उठले, खुर्ची सरकवत त्या खिडकीमागे आले, बसले आणि पहिल्यांदाच पाहावं तसं माझ्याकडे बघून म्हणाले, "बोला."

"ध्येय बदलायचं आहे."

"बदलता येतं, पण वरच्या दिशेने. पदवीतून कायद्यात जाता येतं. कायद्यातून पदवीत यायचं म्हणजे उतरणं झालं. बँक कोणाला उतरू देत नाही."

आता माझ्यापुढे एकच मार्ग उरला होता: छत्री. त्यांची छत्री शोधून नेऊन दिली, तर साहेब विरघळतील, असं मला वाटलं. काळी, लाकडी दांड्याची. तशा माझ्याकडे भरपूर होत्या. त्यातल्या त्यात तरतरीत दिसणारी एक मी उचलली. खूण न विचारता, पावती न करता. माझ्या नोकरीत असं मी कधीच केलं नव्हतं. जिना चढताना फळ्यांवरचे सगळे चष्मे माझ्या पाठीकडे पाहताहेत असा भास झाला.

बँकेत मी छत्री टेबलावर ठेवली आणि हळूच म्हणालो, "ही आपली."

साहेबांनी ती उघडली. "माझी नाही," ते म्हणाले.

"माझी आहे!" माझ्या पाठीमागून आवाज आला. वळून पाहिलं तर रांगेत दंतवैद्य बाई उभ्या. "हीच! हिच्यासाठी मी तुमच्या त्या तळघरात आले होते! शेजारी असूनही तुम्ही मला खूण विचारलीत आणि आज ती इथे लाच म्हणून वाटताय?" "लाच" हा शब्द बँकेत फार लांबपर्यंत ऐकू जातो. पहारेकऱ्याने दार लावून घेतलं. व्यवस्थापक काचेच्या खोलीतून बाहेर आले. माझी इतक्या वर्षांची चोख नोकरी त्या उघड्या छत्रीखाली उभी होती, आणि बाहेर तर पाऊससुद्धा नव्हता. शेवटी बाईंनीच सगळ्यांना समजावलं, की हा माणूस चोर नाही, नुसता भ्रमिष्ट आहे. ही साक्ष माझ्या बाजूने होती म्हणे.

मी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसलो. महिना संपत आला होता. ढमीने न्हाणीघराच्या दारावरचा समुद्र काढून गुंडाळून ठेवला होता.

ही टेबलावर बसून बँकेची नियमांची पुस्तिका वाचत होती. ती तिने कधी आणली, मला माहीत नाही. एका हाताने ओळीखाली पट्टी सरकवत, छापखान्यात वाचते तशी.

"या ठेवीत तुम्ही ढमीचं नाव कुठे घातलंय?" तिने विचारलं.

"नाव विचारलंच नाही. फक्त ध्येय विचारलं."

"तेच म्हणते मी. इथे लिहिलंय, 'ठेवीदाराच्या कुटुंबातील कोणाही व्यक्तीस प्रवेश मिळाल्यास.' कोणाही." तिने पट्टी तिथेच धरून ठेवली. "कुटुंबात तुम्ही आहात. ढमी आहे. आणि मी आहे."

"मला पदवी नाही," मी घाईघाईने म्हणालो.

"मला आहे," ती म्हणाली.

ढमीच्या हातातून नकाशाची गुंडाळी सुटली. "आई, म्हणजे तू प्रवेश घेतेस, बँक तुझी पहिली फी भरते आणि उरलेले पैसे सुटतात?"

"आणि तुझी फी भरली, की तुझी आई नाव काढून घेते!" मी ओरडलो. मला ती युक्ती इतकी आवडली, की ती माझीच आहे असं वाटायला लागलं. हिने पुस्तिका मिटली.

कायद्याच्या महाविद्यालयात सकाळचे वर्ग भरत होते आणि थोड्या जागा शिल्लक होत्या. पदवीचं प्रमाणपत्र हवं होतं आणि एक लेखी परीक्षा द्यायची होती. प्रमाणपत्र शोधायला आता घर उपसावं लागणार म्हणून मी बाह्या सरसावल्या. तेवढ्यात ही आत गेली आणि घेऊन बाहेर आली. कुठे शोधलं नाही, काही उचकलं नाही. कागदाला एक सुरकुती नव्हती. आमच्या घरात माझा चष्मा रोज सापडत नाही, आणि हे इतक्या वर्षांचं कागदपत्र जाग्यावर होतं. मला त्याचं नवल वाटलं, पण नवल वाटून मी तिथेच थांबलो.

परीक्षेच्या दिवशी मी आणि ढमी बाहेरच्या व्हरांड्यात बसलो. दगडी खांब होते, उंच छत होतं, कुठेतरी घड्याळ टिकटिकत होतं. खरं तर स्वप्नात जायला याहून चांगली जागा मिळाली नसती. पण मला जाता येईना. ही नापास झाली तर ढमीचं वर्ष गेलं, एवढंच डोक्यात फिरत होतं. ढमी नखं खात होती. मीही एक खाल्लं. सगळे उमेदवार बाहेर आले, शिपायाने खोलीला कुलूप लावलं, तरी हिचा पत्ता नाही. आम्ही घाबरलो. मग ती व्हरांड्याच्या अगदी दुसऱ्या टोकाकडून सावकाश चालत आली. गाल लाल झाले होते. "कसा गेला पेपर?" ढमीने विचारलं. "गेला," ती म्हणाली आणि घरी येईपर्यंत बसच्या खिडकीतून बाहेर बघत राहिली. स्वतःशीच हसत होती. मला वाटलं, सुटलो एकदाचे, म्हणून हसत असेल.

दुसऱ्याच दिवशी निकाल लागला. ती पास झाली. नुसती पास नाही, यादीत बरीच वर होती. आम्ही तिघं बँकेत गेलो. मिशीवाल्या साहेबांनी प्रवेशपत्र उलटसुलट पाहिलं, पुस्तिका काढली, "कोणाही" या शब्दावर बोट ठेवून बराच वेळ बसले.

"हे कोणी शोधलं?" त्यांनी विचारलं.

"मी," ही म्हणाली.

"इतकी वर्षं ही पुस्तिका मी लोकांना देतोय. वाचलेली तुम्ही पहिल्याच." त्यांनी उठून स्वतः कागद आत नेले. परत आले तेव्हा ठेव उघडली होती. ही तेवढ्यावर थांबली नाही. "तुमच्या छत्रीची खूण आठवते का हो अजून?" तिने विचारलं.

साहेब जरा वरमले. "तेव्हा रागाच्या भरात सुचलंच नाही. आतून एका काडीला लाल दोरा बांधलाय. आमच्या बायकोने बांधला होता. दुसरी छत्री आणली मी, पण ती काही..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी फळीवरच्या सगळ्या काळ्या छत्र्या उघडून पाहिल्या. लाल दोरा होता. मी पावती केली, शिक्का मारला आणि छत्री नियमाने मालकाला दिली. ढमीची फी वेळेत गेली. न्हाणीघराच्या दारावर समुद्र परत आला.

आता फक्त शेवटचं काम राहिलं होतं. वर्ग सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. लवकर नाव काढून घेतलं तर भरलेल्या फीतला बराचसा भाग परत मिळतो, हे काकांनी शोधून काढलं होतं. मी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. संध्याकाळी टेबलावर एका बाजूला ढमी नकाशात डोकं घालून बसली होती, दुसऱ्या बाजूला ही एक जाडजूड पुस्तक वाचत होती. ओळीखाली तीच पट्टी. मी अर्ज तिच्यापुढे ठेवला, वर पेन ठेवलं.

"सही कर. म्हणजे सुटलीस तू."

तिने अर्ज वाचला. शेवटच्या ओळीपर्यंत. पेन उचललं नाही.

"तुमच्या ऑफिसात कोणी आपली वस्तू मागायला आलं, तर तुम्ही काय विचारता?" ती म्हणाली.

"खूण सांगा, म्हणतो."

"मग विचारा."

मी गोंधळलो. पण तिचा चेहरा पाहिला आणि विचारलं, "खूण सांगा."

"महाविद्यालयातल्या वाचनालयात खिडकीशी एक लांब बाक आहे," ती म्हणाली. "त्याचा एक पाय आखूड आहे, म्हणून खाली कागदाची घडी सरकवलेली असते. लग्नाआधी मी एकदा तिथे प्रवेशाची चौकशी करायला गेले होते. दुपार होती. त्या बाकावर बसून मी एक पुस्तक उघडलं, साक्षीपुराव्यावरचं, आणि संध्याकाळ झाली तरी उठले नाही. मनाशी म्हटलं, पुढच्या वर्षी येऊ. मग आपलं लग्न झालं, घर झालं, ढमी झाली. कोणी अडवलं नाही हो मला. राहून गेलं. त्या दिवशी पेपर झाल्यावर मी बघायला गेले. बाक तिथेच आहे. खालचा कागद तेवढा नवा आहे."

ढमीने नकाशातून डोकं वर काढलं होतं. ती एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. "मी 'बघू' म्हटलं होतं, बाबा," ती हलकेच म्हणाली. "कायद्याचं मला अजून नक्की काहीच ठरवता आलेलं नाही. आईला ठरवता आलंय."

मी कुठेही गेलो नव्हतो. टेबल दिसत होतं, पट्टी दिसत होती, पट्टीवरचा हिचा हात दिसत होता. इतकी वर्षं मी परक्या लोकांच्या चष्म्यांमागे माणसं बघत बसलो आणि ही रोज माझ्यासमोर चष्मा लावून वाचत होती. मला फार वाईट वाटलं आणि त्याच वेळी फार आनंद झाला. दोन्हींची वाटणी काही करता येईना. पैशांची मात्र झाली होती. अर्धे पदवीला, अर्धे कायद्याला, तिने पहिल्या दिवशी सांगितलं होतं तसेच.

मी अर्ज ओढून घेतला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर ऑफिसातल्या अक्षरात लिहिलं, "ओळख पटली. वस्तू मालकास परत." खाली सही केली.

तिने ते वाचलं. मग पट्टी खाली धरून पुन्हा वाचलं. डोळे पुसले.

"शिक्का नाही यावर," ती म्हणाली.

"उद्या आणतो," मी म्हणालो, आणि आणला.